मिरजेचा खर्ज आणि स्वस्तातला इअरफोन

कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात नाट्यसंगीतावर बोलून झाल्यावर एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, ‘सर, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डी मोबाइलवर नीट ऐकायच्या तर पाचशे रुपयांच्या आत कोणता इअरफोन घ्यावा?’ वर्गात हसू पिकले. तास वाङ्मयाचा आणि प्रश्न बाजारातला, असे मुलांना वाटले असावे. आम्हीही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मागाहून मात्र तो प्रश्न आम्हांला सोडीना. कारण त्यात वस्तूच्या किमतीपलीकडचे काही होते. स्वस्त यंत्रातून काय गाळले जाते, गाळलेले कान कितपत भरून काढतो, आणि मुळात एकट्याने ऐकणे ही गोष्ट आपल्याकडे आली कधी, या तिन्ही गोष्टींचा उलगडा केल्याशिवाय त्या मुलीला प्रामाणिक उत्तर देता येणार नाही, असे आमच्या ध्यानात आले.

शेवटच्या गोष्टीपासून आरंभ करू. सातारा आणि सांगली हा मुलूख ऐकणाऱ्यांचा आहे, पण समूहाने ऐकणाऱ्यांचा. समर्थांचे अखेरचे वास्तव्य ज्या सज्जनगडावर झाले तो साताऱ्याच्या उशाशी आहे, आणि त्यांचा दासबोध सुरू होतो तोच मुळी श्रोत्यांच्या प्रश्नाने. ते श्रोते अनेकवचनी आहेत. एकटा श्रोता आपल्या जुन्या वाङ्मयाला फारसा परिचित नाही. पोथी ऐकायची ती ओसरीवर, कीर्तन ऐकायचे ते देवळात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा मराठी नाटकाला प्रेक्षक लाभले असे आपण इतिहासात लिहितो. खरे तर ते तितकेच श्रोतेही होते, कारण सूत्रधाराच्या गाण्यावरच तो सारा खेळ चालत असे. ‘शारदा’कार देवल याच परिसरातल्या हरिपूरचे. नारायण राजहंस अर्थात बालगंधर्व १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. या पदार्पणाआधी त्यांच्या कानाला दोष होता आणि शाहू महाराजांनी त्यावर मिरजेतच उपचार करविले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. मराठी रंगभूमीचे हे गंधर्वयुग एका दुरुस्त झालेल्या कानातून सुरू झाले म्हणायचे! असो.

त्या नाटकगृहांतील ऐकण्याचा विशेष असा की त्यात श्रोत्याचा वाटा असे. वन्समोअर मिळाला की पद पुन्हा, आणि पुन्हा म्हणताना निराळे. हा अधिकार एकाचा नव्हे, सभागृहाचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी प्रथम रंगभूमीवर आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने ऑपेरागृहातील गाणे तारेवरून प्रदर्शनाच्या दालनात आणले आणि लोकांनी दोन कानांना दोन टेलिफोन लावून ते ऐकले. इयत्तेने दोन्ही घटना संगीतनाटकाच्याच. पण एकीत हजार कान मिळून एक श्रोता होत होता, तर दुसरीत प्रत्येक जण आपापल्या तारेशी बांधला जात होता. इअरफोनच्या वंशावळीचा आरंभ आम्हांला तिथे दिसतो. त्याच्या टोकाला असणारी खुंटी तर त्याहूनही जुन्या घरातली. टेलिफोन एक्स्चेंजमधील कामगार जोडणीसाठी जी खुंटी खोचीत, तिचेच आकसलेले रूप म्हणजे साडेतीन मिलिमीटरची आपली नेहमीची पिन.

पुढची पायरी अमेरिकेतली. यूटा राज्यातील नॅथॅनियल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि १९१०च्या सुमारास तेथील नौदलाने ते घेतले. नाविकाला दूरचा क्षीण संदेश ऐकू यावा, एवढाच त्यामागचा उद्देश होता. संगीताच्या सुखासाठी दोन्ही कानांचे हेडफोन करण्याचे श्रेय मिलवॉकीच्या जॉन कॉस यांना दिले जाते, आणि ते वर्ष १९५८. मधल्या जवळजवळ अर्धशतकात ही वस्तू बरीचशी कामाची मानली जात होती.

आपल्याकडे नेमक्या याच काळात ऐकण्याचा एक अगदी उलट प्रयोग झाला, आणि तो याच मुलखात झाला, याचा विसर पडलेला दिसतो. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा उपक्रम हाती घेतला. त्यासाठी तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे निवडले गेले: पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. जुना सातारा जिल्हा १९४९ साली उत्तर आणि दक्षिण असा विभागला गेला होता आणि दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले ते १९६० साली. तेव्हा उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. एकूण दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली, आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम झाले. गावातील मंडळी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर चर्चा करीत. मनात आले ते प्रश्न पुण्याला पाठवीत. जे. सी. माथुर आणि पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचा जो अहवाल लिहिला, तो युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे या मंडळांचे सूत्र होते. येथे ‘ऐका’ हे क्रियापद एकट्याने पुरे होत नाही, त्याला पुढली दोन क्रियापदे लागतात. रेडिओचा एकच संच आणि त्याभोवती बसलेले गाव, हे चित्र आम्हांला ओसरीवरच्या पोथीचेच पुढले पान वाटते.

ते पान उलटले ट्रान्झिस्टरने. १९५४ साली अमेरिकेत पहिला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर विक्रीला आला, पुढल्याच वर्षी जपानमध्ये सोनीचा. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, ते या यंत्राच्या भरभराटीच्या दशकात. चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर, सायकलच्या दांडीला, गुऱ्हाळात दिसू लागला. त्याच्याबरोबर बहुधा एका कानाचे एक छोटे बोंड मिळे. एकाच कानाचे, कारण ध्वनीच मोनो, म्हणजे एकमार्गी होता. बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन वर्गात मागच्या बाकावर ज्यांनी हाताच्या मुठीत ते बोंड लपवून ऐकले, त्या पिढीतले काही आज निवृत्त प्राध्यापक आहेत. त्या चोरट्या श्रवणातही खासगीपण पुरते नव्हते. धावसंख्या कानात आली की ती शेजाऱ्याच्या वहीच्या कोपऱ्यावर लिहावीच लागे.

मध्यम लहरींवरच्या त्या प्रक्षेपणात वरचे सूर साधारण पाच हजार कंपनांच्या आसपासच छाटले जात. बोंडातून खालचे सूरही येत नसत. तरीही त्यातून भीमसेन कळले, माणिक वर्मा कळल्या. हे कसे घडले, हा आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मौजेचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिरजेत आहे.

मिरजेत तंतुवाद्ये बनतात, ती एकोणिसाव्या शतकापासून. फरीदसाहेब हे त्या परंपरेचे आद्य नाव. हे कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा तेच हात लाकूड आणि भोपळा यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, खुंट्या हे सारे डोळ्यांना दिसते. पण तंबोरा बोलतो तो घोडीवर. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. तो दोरा केसभर पुढे-मागे केला की एका जागी तार उमलते, तिच्यातून भुंग्यासारखा गुंजारव फुटू लागतो. हीच जवारी. छेडलेल्या जागी ज्या उपस्वरांनी तारेत मुळीच उमटू नये असे जुने गणित सांगते, ते उपस्वरही या घोडीमुळे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले होते. जवारी लावणारा कारागीर हे गणित कानाने करतो.

आता पुरुषाच्या आवाजासाठी काळी एकमध्ये लावलेला तंबोरा घ्या. त्याचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६९ कंपनांची. ६९ कंपनांचा सूर ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या कर्ण्यातून किंवा त्या बोंडातून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य. तरीही श्रोत्याला खर्ज ऐकू येतो! कारण खर्जाच्या पोटातले १३९, २०८, २७७ असे उपस्वर यंत्रातून सुखरूप येतात, आणि त्यांच्यातील समान अंतर ओळखून कान मूळचा, प्रत्यक्षात नसलेला सूर स्वतःच उभा करतो. जर्मनीत झीबेक यांना १८४०च्या दशकात भोंग्यांवरील प्रयोगांत हे आढळले होते. हॉलंडच्या शाउटेन यांनी शंभर वर्षांनी त्यावर पुन्हा काम केले. उपस्वर जितके भरघोस, तितका हा न-आलेला सूर ठाम. म्हणजे मिरजेच्या कारागिराने जवारी उघडताना नकळत अशी सोय करून ठेवली आहे की, यंत्र दरिद्री असले तरी खर्ज हरवू नये. ध्वनिसिद्धान्त शिकविणाऱ्यांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. जे उच्चारलेच नाही ते भोवतीच्या उच्चारांतून ऐकू येणे, ही व्यंजना नव्हे तर काय?

खाँसाहेबांच्या रेकॉर्डी या जागी आणून पाहिल्या पाहिजेत. अब्दुल करीम खाँ किराण्याचे, पण त्यांनी घर केले ते मिरजेत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, आणि ते विसावले मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांचे ध्वनिमुद्रण भोंग्यापुढे गाऊन झालेले. त्या पद्धतीत साधारण २५० ते २,५०० कंपनांपर्यंतचेच सूर तबकडीवर उतरत. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचे. खाँसाहेबांच्या ओडियन तबकड्या त्या काळातल्या. त्यांतही एका बाजूला तीनेक मिनिटे एवढाच अवकाश. त्यातल्या झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी दुकानात वाजत असताना लहानग्या भीमसेनाने ऐकली आणि गाण्याच्या ओढीने घर सोडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला त्या कथेतले दुकान महत्त्वाचे वाटते. तबकडीत अर्धेमुर्धे सूर, ग्रामोफोनच्या कर्ण्यात त्याहून कमी, रस्त्याचा गलका वेगळाच. आणि तरीही एका मुलाचे आयुष्य बदलायला ते पुरेसे होते.

यावरून कोणी म्हणेल, मग कोणताही इअरफोन चालेल. तसे नाही. यंत्राने कमी दिले तर कान भरून काढतो; यंत्राने भलतेच घातले तर कान हतबल होतो. स्वस्त इअरफोनांचा आजचा दोष दारिद्र्याचा नसून उधळपट्टीचा आहे. खालचे सूर बेसुमार फुगवलेले असतात. चित्रपटगीतांच्या ठेक्यावर ते खपतात. त्यातून तंबोरा ऐकला की खर्ज ढोलासारखा घुमतो, जवारीचा गुंजारव त्याखाली दबतो आणि खाँसाहेबांचा तो बारीक, टोकदार, किंचित अनुनासिक सूर घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. शिवाय जुन्या तबकडीची खरखर वरच्या सुरांत असते. जो इअरफोन वरचे सूरही चढवून देतो, त्यात गाण्याऐवजी खरखरच ऐकावी लागते.

खोक्यावरचा मजकूर या बाबतीत पुस्तकाच्या मलपृष्ठाइतकाच विश्वासार्ह असतो. ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हे दीडशे रुपयांच्या वस्तूवरही छापलेले असते. त्या टप्प्यात कोणता सूर किती चढा-उतरा आहे हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही. ओहममधला आकडा मात्र पाहावा. मोबाइल किंवा खिशातल्या वादकाची ताकद बेताची, तिला १६ किंवा ३२ ओहमचे हलके ओझेच झेपते; स्टुडिओतील अडीचशे-तीनशे ओहमचा हेडफोन कुणी फुकट दिला तरी त्यावर आवाज मरगळलेला येईल. याहून महत्त्वाची गोष्ट खोक्यावर नसतेच. ती म्हणजे कानात बसणाऱ्या रबरी टोपीचा आकार. टोपी सैल असली की खालचे सूर फटीतून निसटतात आणि माणूस इअरफोनला दोष देतो. खोक्यात बहुधा तीन मापांच्या टोप्या असतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही. पैसे न टाकता होणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही, आणि ती करून न पाहताच कितीतरी इअरफोन टाकून दिले जातात.

टोपी घट्ट बसण्याचा दुसरा लाभ कानाच्या आरोग्याचा. साताऱ्याहून कराड, पेठ नाका करीत सांगलीला येणाऱ्या एस.टी.त बसून सैल बोंडाने गाणे ऐकायचे तर इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज चढवावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाने आठवड्यात ८० डेसिबलला ४० तास ऐकणे ही सुरक्षित मर्यादा. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. ८६ डेसिबलला उरतात दहा तास. रोज येऊन-जाऊन प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याचे ते आठवड्याच्या आतच संपतात.

एक अपवाद सांगून ठेवतो. हल्ली रियाझासाठी तंबोराही मोबाइलमध्येच असतो. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने १९७९ नंतर जे सुरू केले, ते ॲपने पुरे केले. पण दोन्ही कान घट्ट टोप्यांनी बुजवून गाऊ नये. कान बंद झाला की आपला आवाज हाडांतून घुमत आत येतो, तो आपल्याला भारदस्त वाटतो आणि सूर लागल्याचा भ्रम होतो. रियाझाला एक कान मोकळा हवा. जमल्यास मिरजेचा खरा तंबोराही हवा. परंतु त्याची किंमत विद्यार्थ्याला सांगताना आमचीही जीभ अडखळते.

हे सारे इतके स्वस्त कसे झाले, त्याचे श्रेय वॉकमनला. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. त्याच्याबरोबरचा हेडफोन पन्नास ग्रॅमहूनही हलका होता; कारण आत सॅमेरियम-कोबाल्टचे चिमुकले, जोरकस चुंबक. १९८०च्या दशकात नियोडिमियमची चुंबके आली, तीच आज शंभर रुपयांच्या बोंडातही असतात. पण त्या पहिल्या वॉकमनची आम्हांला आठवण येते ती निराळ्या कारणासाठी. त्याला हेडफोन खोचण्याची भोके दोन होती, आणि एक नारिंगी कळ, जी दाबली की संगीत मंदावून दोन श्रोत्यांना एकमेकांशी बोलता येई. माणसाने एकट्याने ऐकत बसणे सोनीच्या अकिओ मोरिता यांना अशिष्ट वाटले होते. लोकांना मात्र तसे काही वाटले नाही, हेही त्यांनीच नमूद केले आहे. कालांतराने ते दुसरे भोक गेले, ती कळही गेली. २०१६ साली आयफोनने उरलेले एक भोकही बुजविले, आणि पुढे बिनतारी बोंडे आली. त्यांच्यातील इवल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात आणि बदलता येत नाहीत. तारेचा इअरफोन पिनेपाशी तुटला तर रेडिओ दुरुस्त करणारा एखादा जुना माणूस अजून झाळून देतो. हिशेबी विद्यार्थ्याने तारेचाच घ्यावा, असे आमचे मत त्यामुळे झाले आहे. भोक नसलेल्या मोबाइलला छोटा जोड मिळतो.

वॉकमनने आणखी एक गोष्ट नेली, ती वन्समोअर. पद पुन्हा हवे तर सभागृहाची संमती लागत नाही, कळ दाबली की झाले. पण ते पुन्हा येते तसेच्या तसे. औंधला १९४० साली अंतूबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या, स्मरणार्थ जो उत्सव सुरू केला आणि गजाननबुवांनी पुढे चालविला, तिथे जाऊन बसलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तिथली एखादी जागा शेजारच्या अनोळखी माणसाच्या मानेच्या झटक्यामुळे आपल्याला कळते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उशिरा का होईना उत्तर कळविले. तारेचा घे, दुकानात चित्रपटगीत लावून पाहू नकोस, नुसता तंबोरा लाव आणि जवारी वेगळी ऐकू येते का ते बघ, टोप्यांची मापे बदलून पाहा, आवाज निम्म्यावर ठेव. तिने साडेतीनशेला एक घेतला. पुढे ती सांगत होती की, सातारा-मिरज गाडीत ती आणि तिची मैत्रीण एकच इअरफोन वाटून घेतात, एक बोंड हिच्या डाव्या कानात, दुसरे तिच्या उजव्या. आजचे कोणतेही स्टिरिओ गाणे असे ऐकले तर प्रत्येकीच्या वाट्याला अर्धेच यायचे. पण खाँसाहेबांची तबकडी मोनो आहे. दोघींनाही झिंझोटी पुरी मिळते.